टर्बोचा ॲक्च्युएटर : आधी हाताने तपासा, मग माप लावा



ऊस विकास खात्याने ट्रकच्या टर्बोवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु तोडलेला ऊस फडात किंवा वाटेत वाळला की वजन घटते आणि साखर उताराही घटतो. तेव्हा गाडी नीट चालणे हा ऊस विकासाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

हंगाम संपला की आपल्यापैकी कित्येकांच्या गाड्या माल घेऊन गुजरातकडे जातात. पनवेल, शीळफाटा, ठाणे करीत त्या घोडबंदर रोडला लागतात. कापूरबावडीपासून वाहनांची रांग लागते आणि पुढे गायमुखचा घाट येतो. भरलेली गाडी तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते. नेमकी इथेच टर्बोची परीक्षा होते.

साध्या टर्बोत धुराची वाट ठरलेली असते. काही नव्या अवजड इंजिनांत मात्र टर्बाइनच्या चाकाभोवती हलणारी पाती किंवा सरकणारी कडी असते. पाण्याच्या पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात उडते ना, तसाच हा प्रकार. इंजिन सावकाश फिरत असताना वाट अरुंद होते, धूर वेगाने चाकावर आदळतो आणि चढावर ओढ मिळते. वेग वाढला की वाट मोकळी होते. पुष्कळ गाड्यांत उतारावर हीच वाट आवळून इंजिनब्रेकचे काम घेतात. ही उघडझाप करणारी विजेची मोटर व तिचा गिअर म्हणजे ॲक्च्युएटर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या सर्वच गाड्यांना असा टर्बो असतो असे नव्हे, म्हणून आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे.

रांगेत इंजिन फार वेळ नुसते चालू राहिले की धुराची उष्णता कमी पडते, काजळी धरते आणि कडी जड होते. मग गाडी चढाला दम टाकते, काळा धूर ओकते, डिझेल जास्त पिते, इंजिनब्रेक ढिला पडतो व इंजिनचा दिवा लागतो. अशा वेळी कोणी सांगतो, “टर्बोच बदला.” दुसरा म्हणतो, “नुसतं कॅलिब्रेशन मारा.” तपासल्याशिवाय दोघांचेही ऐकू नये.

आम्ही उसाची पक्वता पाहतो तेव्हा हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटरची काच आधी स्वच्छ पुसतो, मग शुद्ध पाण्याने शून्य लावतो. काच मळकी ठेवून शून्य लावले तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा. ॲक्च्युएटरचेही तसेच आहे. पूर्ण उघडे कुठे व पूर्ण बंद कुठे, ही दोन टोके त्याला शिकवणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्याने काजळी निघत नाही.

कामाचा क्रम साधारणपणे असा असावा :

१) गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावावी. इंजिन थंड होऊ द्यावे. बॅटरी पूर्ण भरलेली असावी.

२) स्कॅनरवर दिसणारे दोषांचे कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्यावेत. हवेचे पाइप, क्लिपा व वायरिंग पाहावे. फाटक्या पाइपानेही ओढ जाते.

३) ॲक्च्युएटरला कूलंटची जोडणी असल्यास कूलंट उतरवून तो खोलावा. टर्बोचा दांडा हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. अडकला तर तिथेच थांबावे; आधी सफाई किंवा टर्बोची दुरुस्ती.

४) दांडा मोकळा असेल तर चावी चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरने ॲक्च्युएटर बसवणीच्या जागी आणावा. खुणा जुळवून बसवावा. एक दात चुकला तरी माप चुकते. बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने व तेवढ्याच जोराने आवळावेत.

५) आता कॅलिब्रेशनची आज्ञा द्यावी. ॲक्च्युएटर दोन्ही टोकांना जाऊन अंतर मोजतो. ते मर्यादेबाहेर आले तर माप स्वीकारले जात नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण न दाबता कारण शोधावे.

६) चावी बंद करून पुस्तकात सांगितली तेवढी वेळ थांबावे. कूलंट भरून त्यातील हवा काढावी, कोड पुसावेत आणि भरल्या गाडीने चाचणी घ्यावी. मागितलेली व प्रत्यक्ष स्थिती स्कॅनरवर जुळली म्हणजे काम झाले.

हे काम माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. पण त्याच्याजवळ उभे राहून तिसरी पायरी मात्र स्वतः पाहावी. मोकळ्या दांड्याचा चांगला टर्बो भंगारात गेला तर भुर्दंड आपल्या खिशाला. आणि अडकलेल्या कडीवर नुसते माप लावून गाडी रस्त्यावर काढली, तर गायमुखच्या उतारावर इंजिनब्रेक दगा देईल व सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येईल. तिथे पुढे-मागे माणसांनी भरलेल्या गाड्या असतात.

गळीत हंगामाच्या करारापूर्वी प्रत्येक वाहनधारकाने ही तपासणी उरकून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी