हललेला चेहरा

धुळ्याच्या आमच्या घरातल्या एका जुन्या फोटोत आम्ही पाच भावंडे आहोत. चौघांचे चेहरे स्वच्छ, धाकटीचा मात्र पुसट. ती हलली होती. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

दोष तिचा नव्हता, उजेडाचा होता. माजघरात उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढ्यातली हालचाल फिल्मवर उमटते. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) वर्षानुवर्षे घरातच राहून टेबलावर वस्तू मांडून छायाचित्रे घेत. वस्तू हलत नाहीत, तिथे हवा तेवढा वेळ घेता येतो. मुलांचे तसे नाही.

म्हणून मुलांना ओसरीवर, उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात बसवावे. शटर १/२५० सेकंद ठेवावे. लहानग्यांना मोठ्यांच्या मांडीवर द्यावे, सगळे चेहरे साधारण एका अंतरावर आणावेत आणि कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. ‘हलू नका’ म्हणण्यापेक्षा लागोपाठ सहा-सात फोटो घ्यावेत.

यंदा जळगावला नातवंडांचा फोटो असाच घेतला. धाकटी याही वेळी हललीच; पण चेहरा उमटला.