शालेय अंगणातील सुवासिक वनस्पती

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो. पुढे मेपर्यंत अंगण कोरडे राहते. हिरवळ राखावयाची तर उन्हाळ्यात वरचेवर पाणी हवे, आणि ते प्रथम मुलांच्या पिण्यासाठी लागते. यास्तव खेळाची जागा मोकळी ठेवून कडेस सुवासिक वनस्पती लावणे श्रेयस्कर. उतारावर वाळ्याची आडवी ओळ लावावी. त्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरून ठेवतात. कुंपणालगत मृगाच्या पावसात गवती चहाचे ठोंब दोन-दोन फुटांवर लावावेत. एकदा मूळ धरल्यावर दोन्ही थोड्या पाण्यावर तगतात. मात्र हिरवळीप्रमाणे ती तुडवू देऊ नयेत. तुळस व सब्जा यांचे बी मुलांनीच पेरावे. पान चुरगाळून वासावरून वनस्पती ओळखणे, हा निसर्गपाठ पुस्तकावाचून घडतो.