‘अंगावरून वारे जाते’ म्हणजे काय?

सकाळची वेळ आहे. हिंजवडीतील एका घरात आजोबा चहाचा कप उचलतात आणि तो हातातून निसटतो. तोंड एका बाजूला ओढले जाते, जीभ अडखळते. शेजारचे कुणी म्हणते, ‘अंगावरून वारं गेलं. तेल चोळा, थोडं पडू द्या, उतरेल.’ हे दृश्य कल्पनेतले आहे, पण असे प्रसंग अनेक घरांत घडतात. यात वाऱ्याचा काहीही संबंध नसतो. बिघाड झालेला असतो तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यात. यालाच पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. शिवाय मेंदूच्या पेशींजवळ साठा जवळजवळ नसतो. त्यामुळे रक्त थांबले की काही मिनिटांतच त्या मरू लागतात. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो व डावा भाग उजवी. म्हणून इजा एका बाजूला होते आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूला येतो. बहुतेकांची भाषेची केंद्रे डाव्या भागात असल्याने उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची वाचाही पुष्कळदा जाते.

दोन प्रकार

हिंजवडीहून वाकडकडे जाणारा रस्ता ऐन गर्दीच्या वेळी कसा तुंबतो, हे तिथल्या मुलांना सांगायला नको. मेंदूच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली की असेच होते. पलीकडच्या पेशींना काहीच मिळत नाही. बहुसंख्य पक्षाघात या प्रकारचे असतात. गुठळी चरबीचे थर साचून अरुंद झालेल्या रोहिणीतच तयार होते किंवा हृदयातून वाहत येते. दुसरा प्रकार नळ फुटल्यासारखा आहे. रक्ताच्या दाबाने रोहिणी फुटते आणि मेंदूत रक्त साचते.

गंमत म्हणा वा संकट म्हणा, पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र परस्परविरुद्ध! एकात गुठळी विरघळवायची, तर दुसऱ्यात रक्तस्राव आवरायचा. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी देणे धोक्याचे आहे. कोणता प्रकार आहे हे सीटी स्कॅनने कळते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या या यंत्राने 1971 साली प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद दाखवले. 1979 मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

घड्याळाशी शर्यत

मोठी रोहिणी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब डॉ. जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली मांडला. परंतु मेलेल्या भागाभोवती अर्धपोटी, तरीही जिवंत पेशींचे कडे असते. उपचार वाचवतात ते या कड्याला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी गुठळी असेल तर बारीक नळी रोहिणीतून वर नेऊन ती ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंतही शक्य होते.

गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी 2011 ते 2013 या काळातील मृत्यूंची कारणे तपासली. दर 7 मृत्यूंपैकी 1 पक्षाघाताने झाला होता, आणि त्यांतील बहुतेकांनी घरीच प्राण सोडला होता. तेव्हा हा केवळ शहरी, श्रीमंत लोकांचा रोग नव्हे.

तुम्ही काय कराल?

रुग्णाला हसायला सांगा. ओठ एकीकडे झुकतो का? दोन्ही हात वर धरायला सांगा. एक खाली येतो का? एक साधे वाक्य बोलायला सांगा. शब्द बोबडे येतात का? एकही उत्तर ‘होय’ आले, तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. पाणीही पाजू नका. गिळण्याचे स्नायू दुबळे असतील तर ते श्वासनलिकेत जाईल. लक्षणे दहा मिनिटांत नाहीशी झाली, तरी डॉक्टरांकडे जायलाच हवे. ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते.

सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून मोजावाच लागतो. तंबाखू, मधुमेह आणि हृदयाचे अनियमित ठोके यांचीही त्यात भर पडते. दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या, आत असावे. पापड-लोणच्यातले मीठही त्यातच मोजायचे!

पक्षाघात म्हणजे सारे संपले असेही नाही. नियमित व्यायामोपचाराने मेंदूचे शाबूत भाग पुष्कळ कामे नव्याने शिकतात. लुई पाश्चर यांची डावी बाजू 1868 साली, वयाच्या 45 व्या वर्षी, लुळी पडली. थोडा अधूपणा कायम राहिला, तरीही 1885 मध्ये त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस माणसाला यशस्वीपणे टोचून दाखवली.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आजी-आजोबांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, ते विचारा.