गळा कुणाचा, पाय कुणाचे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोनईत एका वरातीपुढं डी.जे. लावला होता. लावणीची चाल, अन् खाली यंत्राचा एकसारखा ठेका. माझ्या शेजारी एक म्हातारे ढोलकीवाले उभे होते. ते म्हणाले, "सर, हे गाणं कुणासाठी थांबत न्हाई."

त्यांचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे. तमाशाच्या फडात गाणारी आणि नाचणारी बाई एकच असे. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली, त्यापूर्वी नाचायला 'नाच्या पोऱ्या' असे. आता, नाचताना दम लागतो. म्हणून बाईनं ओळ म्हणायची, मागच्या झीलकऱ्यांनी ती उचलून धरायची, आणि तेवढ्यात तिनं पावलं टाकायची. ढोलकीवाल्याची नजर तिच्या पायांवर. तिची गिरकी लांबली तर तोही लांबवतो; ती थबकली की थापही थबकते.

मग ध्वनिक्षेपक आणि बोलपट आले आणि गळा एकीकडे, पाय दुसरीकडे झाले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मध्ये नाचल्या जयश्री गडकर, गायल्या आशा भोसले. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) तर फडात कधी नाचल्याच नाहीत. पदर खांद्यावरून नीट घेऊन, जागच्या जागी उभं राहून त्या गात, आणि ऐकणाराला नाच दिसे! आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं ते उगाच नव्हे.

अमेरिकेतही असंच काहीसं घडलं. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एकानं ओळ म्हणायची आणि साऱ्यांनी झेलायची, अशी रीत होती. म्हणजे आपले झीलकरीच म्हणा ना. त्या रीतीतून 'सोल' गायन निघालं. अरेथा फ्रँकलिन ही वडिलांच्या चर्चमध्येच गायला शिकली. पुढं १९७० नंतर डिस्को आला. नाचघरात वादकांच्या जागी तबकड्या वाजू लागल्या. पण नाचणाऱ्यांना तीन मिनिटांचं गाणं पुरेना. म्हणून १९७५ साली डोना समरचं एक गाणं जवळजवळ सतरा मिनिटांपर्यंत वाढवलं. १९७७ मधल्या तिच्या दुसऱ्या एका गाण्यात तर साथ जवळजवळ सगळी यंत्राची. जिवंत राहिला तो मुख्यतः गळा. आपल्याकडं १९८० साली 'कुर्बानी' चित्रपटातून पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा आवाज घरोघर गेला, तो याच वाटेनं.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. सुलोचनाबाईंचा आवाज खेडोपाडी पोचवला तो तबकडीनं आणि रेडिओनंच. पण ढोलकीवाल्याची ती नजर तबकडीला नाही.

शिक्षकमित्रांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनात एवढं करून पाहा. एकाच मुलीला तीच लावणी दोनदा नाचायला सांगा. एकदा ध्वनिमुद्रणावर, नंतर गावातल्या ढोलकीवाल्याला मानानं बोलावून, त्याची बिदागी देऊन, त्याच्या साथीवर. दोन्ही वेळा तिची गिरकी कुठं संपते, तेवढं मुलांना टिपून ठेवायला सांगा.