भेटीच्या डब्याचं पंचांग

दिवाळीत कचेरीतून मिळणारा सुकामेव्याचा डबा उघडला की चार खण दिसतात: बदाम, पिस्ते, काजू, बेदाणे. यातला बदाम बहुतेक वेळा कॅलिफोर्नियाचा, पिस्ता अमेरिकेचा नाहीतर इराणचा. काजू सोलला गेला असेल कोकणात किंवा मंगळुरात, पण त्याची बी आफ्रिकेतून बोटीने आलेली असण्याचा संभव मोठा. राहता राहिला बेदाणा. तो मात्र बहुधा सांगली-तासगावचा. म्हणजे चौघांत सर्वांत स्वस्त, आणि डबा भरताना कोपऱ्यात ढकलला जाणारा, तोच काय तो आपला!

खाण्यापिण्याची भेट निवडताना आपण डबा बघतो, दुकानाचं नाव बघतो आणि किंमत बघतो. ती वस्तू कधी पिकली, कधी बनली, आश्विन-कार्तिकात ती ऐन भरात आहे की शिळी झाली आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. घरोघरी फराळाची ताटं फिरत तेव्हा हा प्रश्न पडतच नसे. चकली कालची आहे, चिवडा कोणाच्या हातचा आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक असायचं. डबा आला आणि ही माहिती गळाली. ती परत मिळवायची तर पिकांचं पंचांग उघडावं लागतं.

हंगाम कोणाचा, कोणाचा नाही

महाराष्ट्राचं नाव घेताच ज्या दोन चवी आठवतात, त्या दिवाळीत नसतात. हापूस एप्रिल-मेचा, दिवाळीच्या मिठाईतला आंबा म्हणजे उन्हाळ्यात डबाबंद केलेला रस. नोव्हेंबरच्या सुमारास वाशीच्या घाऊक बाजारात ‘हापूस’ दिसतो तो आफ्रिकेतल्या मलावीचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही तेव्हा नुकती लागलेली असते. फळ खऱ्या अर्थाने सुरू होतं नोव्हेंबरअखेरीस. दिवाळीत मिळतो तो जॅम किंवा क्रश. तो वाईट असतो असं नाही, पण त्यासाठी ताज्या फळाचा भाव मोजू नये.

सीताफळ मात्र ऐन भरात असतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याची अडचण एकच: गर तापवला की कडवट होतो. म्हणून जाणता हलवाई बासुंदी आटवून पूर्ण गार करतो आणि मगच त्यात गर मिसळतो. वर्षभर मिळणाऱ्या सीताफळ रबडीत गोठवलेला गर असतो, दिवाळीतल्या रबडीत ताजा घालता येतो. विचारून घ्यावं. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहारही याच दिवसांत बाजारात येतो. दूरच्या पाहुण्याकडे जाताना संत्र्यांची छोटी पेटी नेली तर फराळाच्या तेलकट-गोड माऱ्यात तिचं स्वागतच होतं.

काजूचा आकडा

काजूच्या पाकिटावर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे अख्खा पांढरा काजू, आणि आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते. १८० नंबरचा एक गर साधारण अडीच ग्रॅमचा, तर ३२० नंबरचा दीड ग्रॅमच्याही आत. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. भाजी, बर्फी, कतली यांसाठी मोठा अख्खा काजू घेणं म्हणजे पैसे वाटून टाकणं. तिथे पाकळी किंवा तुकडाच वापरतात आणि चवीत काडीचा फरक पडत नाही. नुसता खायला द्यायचा असेल तेव्हाच मोठा नंबर शोभतो.

वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन आहे, आणि तिथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती कोकणभर लागल्या आहेत. झाडावरचा हंगाम फेब्रुवारी ते मे. त्यानंतर बी वाळवून ठेवतात आणि कारखाने वर्षभर ती फोडत राहतात. स्थानिक बी पुरत नाही तेव्हा आयात बी येते. म्हणून ‘कोकणात तयार झालेला काजू’ आणि ‘कोकणात पिकलेला काजू’ यांत फरक पडतो. सिंधुदुर्गातल्या छोट्या कारखानदाराला सरळ विचारलं तर तो सांगतो. सालीसकट भाजलेला काजू मिळाला तर तो जरूर घ्यावा. दिसायला काळपट, पण चव भरलेली.

तासगावचा सौदा

बेदाणा बनतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, कडक उन्हाळ्याच्या तोंडावर. थॉमसन किंवा तशाच बिनबियांच्या द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर निघून जातं. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर, सावलीत, साधारण पंधरवडाभर घड वाळत राहतात. रंग राखायला गंधकाची धुरी देतात. हिरव्या, लांबट, एकसारख्या बेदाण्याला भाव जास्त, तपकिरी-काळ्याला कमी. नंतर देठ काढणं, प्रतवारी, आणि शीतगृह.

तासगाव आणि सांगलीच्या बाजार समित्यांतले सौदे पाहण्यासारखे असतात. पेट्या उघडल्या जातात, व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेऊन दाबतो, वास घेतो, रंग पाहतो आणि उरलेला खाली टाकतो. ही ‘उधळण’ शेतकऱ्यांच्या डोळ्यांत सलते, आणि तिच्यावर बंदीच्या मागण्याही झाल्या. दिवाळीच्या सुमारास हे सौदे काही आठवडे बंद ठेवतात. त्या काळात मागची येणी-देणी मिटवायची असतात. बाजारात त्याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. म्हणजे आपण डब्यात भरतो तो बेदाणा उन्हाळ्यात बनून शीतगृहात विसावलेला असतो. चांगला साठवला असेल तर त्यात काही बिघडत नाही. फक्त चकचकीत हिरवा म्हणजे अस्सल, हा समज सोडावा. धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा दिसायला साधा, पण चवीला खोल असतो.

नवा गूळ, जुना मध

दिवाळीत नवा येतो तो गूळ. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांचा हंगाम याच सुमारास पेटतो, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती याच व्यापारासाठी. काहिलीत रस उकळताना गुळव्या भेंडीचा चिकट रस टाकून मळी वर आणतो आणि काढून टाकतो. पिवळाधमक रंग हवा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस हे रसायन टाकतात. न टाकलेला गूळ गडद, तांबूस दिसतो. कोल्हापुरी गुळाला मानांकन आहे, तरी रंग पाहून घेणाऱ्या ग्राहकापुढे चांगल्या गुळव्याचं काही चालत नाही! अर्धा किलोची ढेप, सोबत तीळ किंवा शेंगदाणे: एवढीशी भेट, पण हंगामाची.

मधाचं उलट, तो दिवाळीत जुनाच असतो. महाबळेश्वर परिसरातला मध जांभूळ, गेळा, हिरडा अशा वेगवेगळ्या फुलोऱ्यांवर येतो, आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलली की गडद कारवीचा मध मिळतो. तिथलंच मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. बाटलीत मध गोठला, दाणेदार झाला, की लोक भेसळीचा संशय घेतात. शुद्ध मधही गोठतो. कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा पातळ होतो.

मिठाईच्या काचेमागे

मिठाई हा डब्यातला सर्वांत नाजूक सदस्य. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘या तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणं बंधनकारक झालं. भेट चार हातांतून फिरत तिसऱ्या दिवशी पोचणार असेल तर खव्याची बर्फी, बासुंदी, कलाकंद यांच्या वाटेला जाऊ नये. बाकरवडी, शंकरपाळे, चिक्की, बेसन लाडू हे प्रवासाला पक्के. खव्यात पिष्टाची भेसळ असेल तर आयोडिनचा थेंब टाकताच निळसर रंग येतो. घरी करता येण्यासारखी ही तपासणी आहे.

आणि वर्ख. नियमानुसार चांदी ९९९ शुद्धतेची हवी, वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत, आणि वर्ख बनवताना प्राण्यांपासून मिळालेलं काहीही वापरता येत नाही. हिशोब करून पाहा: वीस सेंटिमीटर लांब-रुंद वडीच्या थापीवर फार तर दशांश ग्रॅम चांदी बसते. ‘चांदीच्या वर्खासह’ म्हणून वाढवलेली किंमत कशाची आहे, ते त्यावरून कळावं.

रास्त भावाची सोय आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं आणि तिथे रांगा लागतात. बचत गटांच्या फराळाला मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारखी बाजारपेठ मिळते. सातासमुद्रापार पोचणारा डबाही आता टपालखात्याच्या हिशोबात आहे. २०२५ मध्ये ऑगस्टअखेर अमेरिकेला जाणारी पार्सलं थांबली आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळीला आठवडाही उरला नसताना, सेवा पुन्हा सुरू झाली. तोवर न्यू जर्सी आणि बे एरियातल्या कित्येक लेकी-सुनांचा फराळ इकडेच अडकलेला.

पेल्यात काय?

दारू भेट द्यावी की नाही हा घराघरांचा प्रश्न आहे, आणि तो आधी विचारूनच सोडवावा. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला मान्यता दिली तेव्हा उठलेलं वादळ आठवलं तरी पुरे. पण जिथे चालते तिथे नाशिकची वाइन हंगामाशी छान जुळते. नारायणगावच्या शातो इंडाजने ऐंशीच्या दशकात वाट पाडली, सुलाने २००० मध्ये पहिल्या बाटल्या काढल्या, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि दिंडोरीपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, तोडणी मात्र एकदाच, जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणून त्याच वर्षीची ताजी पांढरी वाइन दिवाळीपर्यंत बाटलीत तयार असते. चकली-चिवड्याच्या तिखटाला किंचित गोडसर शेनिन ब्लां साथ देते; जड, ओकच्या पिंपातली लाल वाइन नाही. पांढरी ८ ते १० अंशांवर गार हवी. लालही आपल्या ३० अंशांच्या खोलीत तशीच ओतू नये, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. ७५० मिलीच्या बाटलीत पाच पेले. आठ पाहुण्यांचं दोन बाटल्यांत भागतं.

गोव्यात फेणी. मार्च ते मेमध्ये काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाटीत चढवतात. पहिल्या धारेची हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. २००९ मध्ये तिला मानांकन मिळालं. ज्या झाडाचा गर डब्यात, त्याचंच बोंड बाटलीत. गोव्याहून महाराष्ट्रात आणताना मात्र उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, हे विसरू नये.

न पिणाऱ्यांसाठी कोकम सर्वांत उत्तम. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, साखरेच्या पाकातलं अमृत कोकम. सोलकढी लगेच प्यावी लागते, या दोन्ही बाटल्या टिकतात. गोड आणि तळलेल्याच्या गर्दीत त्यांचा आंबटपणा यजमानाच्या कामी येतो, आणि लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे एकाच ट्रेमधून पेला उचलतात.

किती द्यायचं, कसं द्यायचं

मानांकनाचा शिक्का पाहिला की काम संपत नाही. कायद्याने नाव राखलं जातं, आणि नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच ते वापरता येतं. पण बाजारात तेच नाव कोणीही छापलेलं दिसतं. म्हणून पाकिटावर उत्पादकाचं नाव-गाव, पॅकिंगची तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक तीनही आहेत का, हे पाहावं.

हजार रुपये खर्चायचे असतील तर आठ खणांचा मखमली डबा घेऊ नये. तीन वस्तू पुरतात: एक नव्या हंगामाची, जसा गूळ किंवा संत्री, एक वर्षभर टिकणारी, जसा सालीचा काजू किंवा मध, एक पिण्याची. किमतीची चिठ्ठी आपण सोलून काढतोच. तिच्या जागी हाताने तीन ओळी लिहाव्यात: वस्तू कुठल्या गावची, कोणत्या महिन्यात बनली, कशाशी खायची. ही माहिती मिळवायला दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारावे लागतील. त्याला उत्तर देता आलं नाही, तर पुढच्या दुकानात जावं.