विश्लेषण : ‘पवित्र भूमी’च्या यात्रेला निघण्याआधी काय वाचावे?

मिरज, सांगली, सातारा, वाई या भागांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांसाठी ‘पवित्र भूमी’ची यात्रा म्हणजे कित्येक वर्षांची बचत असते. प्रत्यक्षात हाती येतात ते आठ-दहा दिवस. सकाळी एक गाव, दुपारी दुसरे आणि प्रत्येक ठिकाणी तासभर. घरी परतल्यावर फोनमध्ये शेकडो छायाचित्रे असतात, पण कोणते चर्च कुठले हे सांगता येत नाही. हे टाळायचे तर तयारी निघण्याआधी दोन-तीन महिने सुरू करावी लागते. ती बऱ्याच अंशी मराठीतूनच करता येते.

पवित्र भूमी म्हणजे नेमके कोणते देश?

सहलीच्या पत्रकात बहुधा इस्रायल, जॉर्डन आणि इजिप्त अशी नावे असतात. मात्र येशूचे जन्मस्थान बेथलेहेम हे पॅलेस्टिनी प्रदेशातील वेस्ट बँकमध्ये आहे. मोशेने ज्या डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला तो नबो जॉर्डनमध्ये आहे, तर परंपरेने सीनाय मानला जाणारा पर्वत इजिप्तमध्ये. प्रकटीकरणातील सात मंडळ्यांची शहरे आजच्या तुर्कस्तानात येतात. त्यामुळे पहिले वाचन नकाशाचे. बायबलच्या अनेक आवृत्त्यांच्या शेवटी जुने नकाशे असतात. त्यांच्या शेजारी आजचा नकाशा ठेवून मार्ग पेन्सिलने आखावा.

बायबल कुठून वाचायला घ्यावे?

उत्पत्तीपासून सगळे वाचून काढण्याचा संकल्प बहुधा अर्ध्यावरच थांबतो. त्यापेक्षा सहलीच्या मुक्कामांप्रमाणे वाचणे सोपे.

बेथलेहेम : लूक, अध्याय २.
गालील सरोवर : मत्तय ५ ते ७ (डोंगरावरील प्रवचन).
कफर्णहूम : मार्क, अध्याय १.
याकोबाची विहीर : योहान, अध्याय ४.
नबो डोंगर : अनुवाद, अध्याय ३४.
सीनाय : निर्गम १९ आणि २०.
यरुशलेम : चारही शुभवर्तमानांतील शेवटचा आठवडा आणि स्तोत्रे १२० ते १३४.

ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची गाणी मानली जातात. लोणंद-फलटणमार्गे जाणारी माउलींची पालखी पाहिलेल्या वाचकाला चालता चालता गाण्याची ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात माणूस यरुशलेमहून यरीहोकडे ‘खाली’ जात असतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. म्हणजे सरळ अंतर २५ किलोमीटरच्या आत, पण उतार सुमारे १,००० मीटरचा. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना जेवढी उंची वाढते, त्याहून हा उतार मोठा आहे. निर्जन घाटरस्त्यावर एकट्या वाटसरूला लुटले जाण्याची गोष्ट तिथे उभे राहिल्यावर वेगळीच वाटते.

मराठीत कोणती पुस्तके आहेत?

या विषयाचे साताऱ्याशी जुने नाते आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूच्या जीवनावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मधील त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

अलीकडच्या लेखकांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो महत्त्वाचे. त्यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत असल्याने जुनी भाषा जड वाटणाऱ्या तरुणांना सोयीचे आहे. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात त्यांनी त्या भूमीचा इतिहास आणि वर्तमान एकत्र मांडले आहे. एकच मराठी पुस्तक निवडायचे तर ते हेच. ना. ह. पालकर यांचे ‘इस्रायल : छळाकडून बळाकडे’ हे पुस्तकही महाराष्ट्रात बरेच वाचले गेले. त्याचा कल कोणाकडे आहे ते शीर्षकातच दिसते. तो लक्षात ठेवूनच ते वाचावे.

‘हीच ती जागा’ असे मार्गदर्शक म्हणतो, ते कितपत खरे?

त्यासाठी इंग्रजीतील जेरोम मर्फी-ओ’कॉनर यांचे ‘द होली लँड’ हे पुरातत्त्वीय मार्गदर्शक पुस्तक उपयोगी पडते. कफर्णहूमला आज दिसणारे पांढऱ्या दगडांचे सभास्थान येशूनंतर काही शतकांनी बांधलेले आहे. त्याखालचा काळ्या दगडाचा पाया मात्र त्याहून जुना आहे. येशूची कबर म्हणूनही दोन जागा दाखवल्या जातात. प्रॉटेस्टंट गटांना बहुधा शांत बागेतील ‘गार्डन टूम्ब’ भावते. परंतु ती कबर येशूच्या कित्येक शतके आधी कोरलेली असल्याचे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. जुन्या शहरातील ‘होली सेपल्कर’ चर्चच्या बाजूने पुरावा अधिक बळकट आहे. हे आधी माहीत असेल तर तिथे भ्रमनिरास होत नाही. बागेत प्रार्थना जरूर करावी, पण दुसरी जागाही चुकवू नये. त्या चर्चच्या मुख्य दाराची किल्ली पिढ्यानपिढ्या एका मुस्लीम कुटुंबाकडे असते.

आजच्या संघर्षाबद्दल कशाला वाचायचे?

कारण बस त्यातूनच जाते. यरुशलेम ते बेथलेहेम हे अंतर जेमतेम दहा किलोमीटर आहे. मध्ये काँक्रीटची उंच भिंत आणि तपासणी नाके आहेत. पर्यटकांची बस सहसा सहज पुढे जाते. तिथल्या पॅलेस्टिनी माणसाला मात्र परवाना लागतो. या पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्तीही आहेत, हे आपल्याकडील अनेकांना तिथे गेल्यावरच कळते. गालीलमधील पॅलेस्टिनी ख्रिस्ती धर्मगुरू इलियास शकूर यांचे ‘ब्लड ब्रदर्स’ हे १९८४ मधील आत्मकथन त्यासाठी वाचावे. ज्यूंच्या तीन हजार वर्षांच्या नात्यासह शहराचा सगळा इतिहास हवा असेल, तर सायमन सिबॅग माँटफिओरी यांचे ‘जेरुसलेम : द बायोग्राफी’ आहे. एकच बाजू वाचून गेलेला यात्रेकरू दगड पाहून येतो. त्या दगडांशेजारी राहणारी माणसे त्याला दिसत नाहीत.

वेळ कमी असेल तर?

लूकचे शुभवर्तमान, वर दिलेली पंधरा स्तोत्रे आणि दिब्रिटोंचे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ एवढे पुरे. गटाने जाणाऱ्यांनी पुस्तके वाटून घ्यावीत आणि रविवारच्या उपासनेनंतर प्रत्येकाने एका ठिकाणाबद्दल दहा मिनिटे सांगावे. इंग्रजी न येणाऱ्या ज्येष्ठांनाही त्यातून सगळे कळते. पुस्तके विकत घेण्याआधी नगर वाचनालयात चौकशी करावी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून या भागातील प्रवासाची खात्री राहिलेली नाही. पैसे भरण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना पाहाव्यात आणि सहल रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे. सहल पुढे ढकलली गेलीच, तर वाचायला तेवढे महिने जास्त मिळतील.