आजोबांचं रिव्हॉल्व्हर कितीचं?

वारसा हक्कानं माणसाला काय काय मिळतं! कुणाला कोथरूडचा टू बीएचके, कुणाला ओमेगाचं घड्याळ, कुणाला डायबेटिस. आमच्या वाट्याला आलं एक रिव्हॉल्व्हर.

आजोबा फौजेतले, दुसऱ्या महायुद्धात बर्मा फ्रंटवर होते. ते गेल्यावर स्वारगेटजवळच्या आमच्या फ्लॅटमधलं त्यांचं कपाट उघडलं. आत खाकी होल्स्टर, लायसन्सचं पुस्तक आणि 'ते'. बाबांनी हातही न लावता थेट पोलिस स्टेशनला फोन केला. कारण लायसन्स माणसाचं असतं, घराण्याचं नाही. लायसन्सधारक गेला की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे हत्यार विनाविलंब पोलिस स्टेशनात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावं लागतं. जमा केलं म्हणजे मालकी गेली, असं नाही. वारसाला स्वतःचं लायसन्स मिळालं तर ते परत घेता येतं, किंवा लायसन्स असलेल्या माणसाला विकता येतं. फक्त मुदतीत हालचाल करायची, नाहीतर ते सरकारजमा होतं.

आमचं डीलरकडे जमा झालं आणि घरात तीन पार्ट्या पडल्या. काका म्हणाले, "अँटिक पीस आहे, दहा लाख कुठं गेले नाहीत!" न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणाला, "मला पाठवा, फ्रेम करून लावतो." आजी एवढंच म्हणाली, "विकायचं नाही." मग एका शनिवारी बाबा आणि मी दुकानात जाऊन बसलो. तिथल्या काकांनी जी शाळा घेतली, ती तुमच्यासाठी.

आधी जात ओळखा
रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या सिलिंडरचं, पिस्तूल म्हणजे मुठीत मॅगझिन असलेलं. आपण दोन्ही शब्द बिनधास्त कुठंही वापरतो. १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंनी नाशिकच्या जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं, सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीसपैकी एक. कागदावर चुकीचा शब्द पडला तर पुढचं सगळंच अडतं.

मग शिक्के वाचा
जुनं हत्यार म्हणजे धातूवर लिहिलेला बायोडेटाच. वेब्लीवर कंपनीचं नाव आणि मार्क असतो. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के असले, तर नळीची चाचणी तिथं झालेली. लंबगोलात 'ईएलजी' दिसलं तर माल बेल्जियमच्या लिएजचा. एक रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता, बाणाखाली 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारची. टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारनं ते रीतसर विकून टाकलेलं.

आमच्यावर उजव्या बाजूला मुकुट, 'एनफिल्ड', 'नंबर २', 'मार्क १' पुढं चांदणी आणि १९४२ साल. घोड्याला अंगठ्यानं मागं ओढायचं टोकच नव्हतं. रणगाड्यात चढउतार करताना ते अडकू नये म्हणून काढलं, असं सांगतात. आजोबा एकदम डोळ्यांसमोर आले!

खरी मेख बोअरमध्ये
इथं काकांच्या दहा लाखांचा फुगा फुटला. आपल्या नियमांत .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं चालणारी रिव्हॉल्व्हरं 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतात. म्हणजे फौजेतली बहुतेक जुनी वेब्ली आणि एनफिल्ड यात आलीच. त्यांना केंद्र सरकारची खास परवानगी लागते. गिऱ्हाईक आणायचं कुठून? उलट त्याच काळातलं, तसंच दिसणारं .३२ चं वेब्ली असतं, तर लोकांनी रांग लावली असती. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून विलायती .३२ ला आपल्याकडे लाखांत भाव मिळतो. थोडक्यात, इथं किंमत ठरवतो तो बोअर. वय, कंपनी वगैरे नंतर.

ब्रासो लांब ठेवा
लायसन्सचा बोअर असला तरच पुढचा हिशेब. मूळ निळसर-काळा रंग किती टिकलाय, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का, मुठीच्या पट्ट्या मूळच्या आहेत का, हे बघतात. घासून चकचकीत केलं की शिक्के पुसट होतात आणि भाव पडतो. होल्स्टर, जुनी लायसन्स, डिस्चार्जचे कागद, फोटो जपून ठेवा. २२ जुलै १९३१ ला वासुदेव बळवंत गोगटेंनी फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. तसं एखादं रिव्हॉल्व्हर आज कुणी पुढं केलं, तर पहिला प्रश्न येईल, "पुरावा काय?" गोष्टीला कागद असेल तरच तिला मोल.

न्यू जर्सीवाल्यालाही उत्तर मिळालं. शस्त्र देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही आडवा येतो. आणि 'जुनं आहे, चालत नाही' म्हणून सुटका नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला कायद्यातून सूट आहे. विनालायसन्स प्रोहिबिटेड बोअर घरात सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवलीत, वारशाची धरून.

आमचं काय झालं? बाबांनी वारस म्हणून अर्ज केलाय. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. काकांनी सही केली, पण सही करताना थोडा वेळ पेन हातात धरून बसले. "मला वाटलं होतं, त्यातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघेल," म्हणाले. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी ऑपरेशनच्या खर्चाचे दोन वाटे झाले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत रिव्हॉल्व्हर दुकानात आणि रिकामं होल्स्टर आजीच्या कपाटात.

तुमच्या घरी लायसन्सचं पुस्तक असेल तर एक करा. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्सधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच त्याला वारस सुचवता येतो. या रविवारी मोबाइल बाजूला ठेवून आजोबांशेजारी बसा. कागद कुठं आहेत ते विचारा, आणि ते हत्यार त्यांच्याकडे आलं कसं, तेही विचारून घ्या. ते फक्त त्यांनाच ठाऊक असतं.